गुडघ्याचे दुखणे आणि शरीरातील 'आनंदामाइड'

गेल्या काही वर्षांत आपल्या विहारात झालेला एक बदल सर्वांच्याच लक्षात आला असेल. पूर्वी रविवारच्या वंदनेला सतरंजीवर जागा पुरत नसे. आता सतरंजी निम्मी रिकामी असते आणि भिंतीलगतच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आधी भरतात. त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांत बहुतेक आपल्या माता-भगिनी असतात. ज्यांनी सारा जन्म उकिडवे बसून भांडी घासली, डोक्यावर पाण्याचे हंडे वाहिले, चाळीचे जिने दिवसातून दहा वेळा चढले-उतरले, त्यांचे गुडघे आता बोलू लागले आहेत.

स्मरणिका समितीने आरोग्यावर लेख मागितला तेव्हा हाच विषय घ्यावा असे मी ठरविले, आणि त्याला एक घरगुती कारणही आहे. माझी आत्या सफाई खात्यातून निवृत्त झालेली आहे. दिवाळीच्या सुमारास मी तिच्याकडे गेलो असता तिने उशाखालून एक लहानशी काळी बाटली काढून माझ्या हातात दिली. "बाबू, तू औषधांचं शिकवतोस ना? मग सांग, ह्याने गुडघा बरा होतो का? विकणारा म्हणाला, आपल्या अंगातच असं औषध असतं, ते कमी पडलं की गुडघा दुखतो, आणि ही बाटली ते भरून काढते." बाटलीवर 'विजया' असे लिहिले होते. विजया म्हणजे भांग. पेन्शनमधले दोन हजार चारशे रुपये तिने त्या बाटलीला मोजले होते.

विकणाऱ्याचे पहिले वाक्य खरे होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याला मात्र आधार नव्हता. अर्धे खरे बोलून विकलेली वस्तू पूर्ण खोट्यापेक्षा लवकर खपते. म्हणून त्यातला खरा भाग कोणता, हे सविस्तर सांगितले पाहिजे.

प्रथम गुडघ्याविषयी. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे एकमेकांना भेटतात, तेथे दोन्ही टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. सांध्याभोवती एक पिशवी असते. त्या पिशवीचे आतले अस्तर चिकट द्रव तयार करते, त्यालाच आपण वंगण म्हणतो. वय, वजन, जुनी दुखापत, अनुवंश आणि कष्टाची कामे यांमुळे ही कूर्चा झिजते, हाडाच्या कडेला टोके फुटतात, अस्तर सुजते. यालाच वैद्यकशास्त्रात ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. आपल्याकडे 'गुडघ्याची झीज' म्हणतात, 'वंगण संपले' असेही म्हणतात. हे दोन्ही शब्दप्रयोग थोडे फसवे आहेत, कारण त्यामुळे गुडघा म्हणजे सायकलचे बेअरिंग असे वाटू लागते. गुडघा जिवंत आहे. तो झिजतो तसा स्वतःची दुरुस्ती करण्याचा प्रयत्नही करीत असतो.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कूर्चेला मज्जातंतू नसतात. म्हणजे जी झिजते तिला स्वतःला दुखत नाही! दुखते ते सुजलेले अस्तर, कूर्चेखालचे हाड, सांध्याभोवतीचे बंध आणि चरबी. म्हणूनच एक्स-रे आणि दुखणे यांचा मेळ अनेकदा बसत नाही. एखाद्याचा एक्स-रे पाहून डॉक्टर कपाळाला हात लावतात आणि तो माणूस चालत घरी जातो. दुसऱ्याच्या एक्स-रेत फारसे काही दिसत नाही आणि त्याला जिना चढवत नाही. दुखणे केवळ गुडघ्यात नसते. ते गुडघ्यातून निघालेल्या निरोपात असते. तो निरोप आधी मज्जारज्जूत आणि पुढे मेंदूत पोहोचतो, आणि वाटेत तो मोठा किंवा लहान केला जातो. वर्षानुवर्षे दुखत राहिले की मज्जारज्जूच इतका हळवा होतो की साधा स्पर्शही त्याला मार वाटू लागतो.

हा निरोप लहान करणाऱ्या ज्या यंत्रणा शरीरात आहेत, त्यांपैकी एक म्हणजे कॅनाबिनॉइड यंत्रणा. तिचे नाव कॅनाबिस म्हणजे भांगेच्या झाडावरून पडले. झाड आधी सापडले आणि शरीरातील यंत्रणा नंतर, म्हणून हे उलटे नामकरण झाले.

या शोधाची कथा मोठी रंजक आहे. सन १९६४ मध्ये इस्रायलमधील राफेल मेशुलाम व येहिएल गाओनी या रसायनशास्त्रज्ञांनी चरसमधून नशा आणणारे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते टीएचसी होय. संशोधनासाठी मेशुलाम यांनी पोलिसांकडून जप्तीतील पाच किलो चरस मिळविला आणि तो पिशवीत घालून चक्क सार्वजनिक बसने प्रयोगशाळेत आणला. बसमधले प्रवासी वासाबद्दल कुजबुजत होते, असे ते पुढे सांगत. टीएचसी मिळाले, पण ते शरीरात कोठे जाऊन बसते हे कळायला आणखी चोवीस वर्षे लागली. १९८८ मध्ये अमेरिकेत अॅलिन हाऊलेट व विल्यम डिव्हेन यांनी उंदराच्या मेंदूत त्याची जागा दाखवून दिली. अशा जागेला ग्राही म्हणतात. ग्राही म्हणजे पेशीच्या दारावरचे कुलूप आणि त्यात बसणारे द्रव्य म्हणजे किल्ली.

आता विचार करा. माणसाच्या मेंदूत भांगेच्या झाडासाठी कुलूप कशाला असेल? निसर्गाने ते गांजा ओढणाऱ्यांच्या सोयीसाठी नक्कीच बसविलेले नाही. कुलूप आहे त्याअर्थी शरीराची स्वतःची किल्ली असली पाहिजे, असा तर्क शास्त्रज्ञांनी केला. १९९२ मध्ये जेरुसलेम येथे मेशुलाम, डिव्हेन आणि लुमीर हानुश यांनी डुकराच्या मेंदूतून ती किल्ली शोधून काढली. ते एक स्निग्ध द्रव्य होते. त्याचे नाव त्यांनी 'आनंदामाइड' ठेवले. यातला 'आनंद' हा आपलाच शब्द आहे, संस्कृतातला आणि पालीतलाही. तथागतांच्या सेवेत अखेरपर्यंत राहिलेल्या भंते आनंदांचे नाव ज्यांच्या कानांवर बालपणापासून पडले आहे, त्यांना हा शब्द लक्षात ठेवणे जड जाऊ नये. १९९५ मध्ये दुसरी किल्ली सापडली, तिला थोडक्यात टू-एजी म्हणतात.

कुलपेही दोन प्रकारची निघाली. पहिले, सीबी-वन, मुख्यतः मेंदूत आणि मज्जातंतूंवर असते. दुसरे, सीबी-टू, १९९३ मध्ये केंब्रिजला सापडले. ते मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर, म्हणजे सूज आणणाऱ्या व आवरणाऱ्या पेशींवर असते. गुडघेदुखीत मज्जातंतू आणि सूज या दोन्ही गोष्टी येतात, म्हणून दोन्ही कुलपे आपल्या विषयाची.

यंत्रणा चालते कशी, हे एका उदाहरणाने सांगतो. सभेत वक्ता बोलत असतो आणि आवाज लाऊडस्पीकरमधून श्रोत्यांकडे जातो. मज्जातंतूंचे निरोपही असेच एका दिशेने जातात, पहिल्या पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे. पण आवाज फार कर्कश झाला की मागच्या रांगेतला कोणीतरी उठून हात खाली-वर करून खूण करतो, "जरा कमी करा." शरीरात हे काम ही स्निग्ध द्रव्ये करतात. निरोप घेणारी पेशी ती जागच्या जागी तयार करते आणि उलट दिशेने, निरोप पाठविणाऱ्या पेशीकडे सोडते. पाठविणारी पेशी आवाज कमी करते. हा उलटा प्रवास २००१ मध्ये सिद्ध झाला. आणखी एक विशेष असे की ही द्रव्ये साठवून ठेवलेली नसतात. गरज पडली की पेशीच्या आवरणातील चरबीतून ती बनतात, आणि काम होताच विकर म्हणजे एन्झाइम त्यांचे तुकडे करून टाकते. आनंदामाइड मोडणाऱ्या विकराचे नाव फाह. ते पुढे लागणार आहे.

ही यंत्रणा गुडघ्यात असते काय? असते. २००८ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत काढलेले अस्तर आणि सांध्यातील द्रव तपासले. अस्तरावर दोन्ही कुलपे होती. रुग्णांच्या द्रवात आनंदामाइड आणि टू-एजी सापडले. निरोगी माणसांच्या द्रवात मात्र ती आढळली नाहीत. पुन्हा वाचा, कारण माझ्या आत्याला सांगितलेल्या गोष्टीच्या हे नेमके उलट आहे. दुखऱ्या गुडघ्यात हे द्रव्य 'कमी पडलेले' नसते. दुखत नसलेल्या गुडघ्यात जे सापडत नाही ते दुखऱ्या गुडघ्यात सापडते. आग लागलेल्या ठिकाणी बंब दिसावा तसेच हे. मग बंब असूनही आग का विझत नाही, हा खरा प्रश्न.

औषध कंपन्यांनी यावर सरळ हिशेब केला. आनंदामाइड मोडणारे विकर बंद पाडावे, म्हणजे शरीरातले आनंदामाइड टिकेल, वाढेल आणि दुखणे थांबेल. नशा नाही, गांजा नाही, सारे घरचेच. प्राण्यांवरील प्रयोगांत हा हिशेब चांगला जुळला. मग फायझर कंपनीच्या अशा गोळीची गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या ७४ रुग्णांवर चाचणी झाली. २०१२ मध्ये तिचा निकाल प्रसिद्ध झाला. गोळीने आपले रासायनिक काम चोख बजावले होते. विकर ९६ टक्क्यांहून अधिक बंद पडले, रक्तातील आनंदामाइड वाढले. पण गुडघ्याचे दुखणे? खोट्या, औषध नसलेल्या गोळीने जेवढे कमी झाले, तेवढेच. त्याच चाचणीत नॅप्रॉक्सेन ही जुनी वेदनाशामक गोळीही दिली होती आणि तिने मात्र आराम पडला. म्हणजे चाचणीत खोट नव्हती, हिशेबात होती.

असे का झाले असावे? एक संभव असा की आनंदामाइड फक्त एकच कुलूप उघडत नाही. ते वाढले की ट्रिप-व्ही-वन नावाच्या दुसऱ्याच दारावरही टकटक करते. हे दार म्हणजे ज्याच्यामुळे मिरची झोंबते ते! ठेचा खाल्ल्यावर जिभेची जी आग होते ती याच दारातून. म्हणजे एका हाताने आवाज कमी करायचा आणि दुसऱ्या हाताने वाढवायचा, असा प्रकार होत असेल. दुसरे असे की उंदराच्या गुडघ्यात औषध टोचून चार आठवड्यांत घडविलेला रोग आणि माणसाच्या गुडघ्यात तीस वर्षांत मुरलेला रोग एकच नव्हेत.

याच वाटेवर पुढे एक दुःखद घटना घडली. जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधील रेन शहरात याच विकराला बंद करणाऱ्या दुसऱ्या एका नव्या औषधाची निरोगी स्वयंसेवकांवर चाचणी चालू असता एक जण मृत्यू पावला आणि इतर काहींना रुग्णालयात न्यावे लागले. ते औषध नेमून दिलेल्या विकराखेरीज मज्जापेशींतील इतर विकरांनाही धक्का देत होते, असे पुढील तपासात आढळले. 'शरीरातलेच आहे, म्हणजे निर्धोक' असे म्हणणाऱ्याला ही घटना सांगावी.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण २०१९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात आले. स्कॉटलंडमधील एका वृद्ध बाईंच्या खुब्याचा सांधा पार झिजलेला निघाला, पण त्यांना दुखतच नव्हते. हाताच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांना वेदनाशामक लागले नाही. तपासणीत कळले की त्यांच्या जनुकांतील जन्मजात बदलामुळे फाह विकराचे काम मंदावलेले होते आणि रक्तात आनंदामाइड जास्त होते. म्हणजे मूळ कल्पना अगदीच पोकळ नाही. पण या बाईंना हात भाजल्याचे कळे ते कातडी जळाल्याच्या वासाने, आणि त्यांना विसरण्याचीही सवय होती. जन्मापासून घडलेली शरीराची घडी आणि साठाव्या वर्षी घेतलेली गोळी यांत फरक राहणारच.

आता बाटलीकडे वळू. सांधेदुखीवर भांग हा विचार नवा नाही. सन १८३९ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील डॉ. विल्यम ओ'शॉनेसी यांनी गांजाचा अर्क संधिवाताच्या रुग्णांना देऊन पाहिला होता. त्यांच्यातला एक रुग्ण आधी बडबड करू लागला, गाऊ लागला आणि नंतर असा बधिर झाला की त्याचा हात जसा ठेवावा तसाच राही. नशा आणि आराम हे टीएचसीत एकत्रच येतात, हे तेव्हापासून माहीत आहे. हल्ली बाजारात जोर आहे तो सीबीडी या दुसऱ्या द्रव्याचा. त्याने नशा येत नाही. मग गुडघ्याला गुण येतो काय? व्हिएन्ना येथे गुडघेदुखीच्या ८६ रुग्णांना पॅरासिटामॉलच्या जोडीला रोज ६०० मिलिग्रॅम सीबीडी किंवा खोटे औषध देऊन पाहिले. २०२३ मध्ये निकाल आला तो असा की सीबीडीने जास्तीचा आराम पडला नाही, उलट यकृताच्या तपासण्या बिघडण्याचे प्रमाण वाढले. डेन्मार्कमध्ये हाताच्या सांध्यांवर झालेल्या चाचणीचाही सूर तोच. वेदनाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये, उपलब्ध पुराव्यांवर दुखण्यासाठी ही द्रव्ये सरसकट वापरण्यास आपण पाठिंबा देऊ शकत नाही, असे जाहीर केले.

काही सभासद विचारतील, की औषध म्हणून घेतले तर पाचवे शील मोडते काय? त्या चर्चेचा अधिकार भिक्खू संघाचा. माझे काम एवढेच सांगण्याचे की गुडघ्यासाठी हा प्रश्न आज उद्भवतच नाही, कारण गुण आल्याचा पुरावा नाही. कायद्याची बाजूही माहीत असावी. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस बाळगणे हा गुन्हा आहे. झाडाची नुसती पाने गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, आणि त्याच फटीतून आयुर्वेदिक परवान्यावर विजयाच्या बाटल्या येतात. बाटली कायदेशीर आहे म्हणजे ती गुणकारी आहे, असे मात्र होत नाही.

गंमत अशी की या यंत्रणेशी नाते सांगणारे एक औषध आपल्या प्रत्येकाच्या घरात डब्यात पडलेले आहे. ते म्हणजे पॅरासिटामॉल. २००५ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखविले की पॅरासिटामॉलचा एक अंश मेंदूत जाऊन, त्याच फाह विकराच्या मदतीने, एका नव्या द्रव्यात बदलतो आणि ते द्रव्य आनंदामाइडच्या कारभारात हात घालते. शंभर वर्षांहून जुने औषध, आणि ते चालते कसे हे अजून उलगडतेच आहे! गुडघ्याला त्याने पडणारा आराम बेताचाच असतो. दिवसाला ४ ग्रॅमच्या वर ते कधीही जाऊ नये. दारू पिणाऱ्याने आणि यकृताचा विकार असणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावे. सर्दीच्या गोळ्यांतही तेच असते, ते मोजायला लोक विसरतात.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी एवढा प्रपंच केला ती. २०२१ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाने सांधेदुखीच्या ७८ माणसांवर एक अभ्यास केला. ३८ जणांनी सहा आठवडे रोज १५ मिनिटे स्नायू बळकट करणारे व्यायाम घरच्या घरी केले, उरलेल्या ४० जणांनी काही केले नाही. व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे कमी झाले. त्यांच्या रक्तातील सूज वाढविणारी द्रव्ये उतरली, आतड्यातील हितकारक जंतू वाढले, आणि आनंदामाइडसारखी द्रव्येही वाढली. गोळीने जे नुसतेच वाढविले होते, ते येथे स्नायू, आतडे आणि सूज या सर्वांबरोबर वाढले. अभ्यास लहान आहे, आणि दुखणे कमी झाले ते या द्रव्यामुळेच असा दावा मी करणार नाही. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार तो उचलतो, हे कारण तर उघडच आहे. पण व्यायामाने गुडघेदुखी कमी होते याला इतर पुष्कळ चाचण्यांचा आधार आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

वजनाचेही तसेच. अमेरिकेत २००५ मध्ये मोजून पाहिले तेव्हा एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे दिसले. पाच किलो उतरले तर वीस. दिवसाची पावले मोजा म्हणजे हिशेब कळेल.

व्यायाम सोपा आहे. खुर्चीवर ताठ बसावे, एक पाय समोर सरळ करावा, मांडी घट्ट आवळून दहा आकडे मोजावे, हळूच खाली आणावा. एका पायाने दहा वेळा, मग दुसऱ्याने. सुरुवातीला थोडे दुखेल, तेवढ्याने गुडघा झिजत नाही. मात्र गुडघा लाल, गरम होऊन सुजला, ताप आला, पडल्यानंतर पाय टेकवत नसेल किंवा गुडघा मध्येच अडकून बसत असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जावे. बिनलेबलच्या पुड्यांच्या वाटेला जाऊ नये. त्यांत अनेकदा स्टेरॉईड मिसळलेले आढळले आहे. ज्याने आठ दिवसांत चमत्कारासारखा गुण येतो, त्यात काय आहे हे विचारलेच पाहिजे.

आत्याला मी हे सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे पैसे गेले." मी म्हटले, "गेले, आत्या." ती बाटली तिने अजून फेकलेली नाही, दोन हजार चारशे रुपयांची वस्तू फेकवत नाही म्हणते. पण संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या की खुर्चीवर बसून ती दहा-दहा वेळा पाय उचलते आणि आकडे मोठ्याने मोजते. तिसऱ्या मजल्यावरून उतरताना अजून कठड्याला धरते. गेल्या महिन्यात मात्र मधल्या मजल्यावर टेकली नाही, असे तिच्या सुनेने मला फोनवर सांगितले.